मालिकांच्या सेटवरचा इलेक्ट्रिशियन: कोल्हापुरात राहून विद्यावेतनासह प्रशिक्षण कसे घ्यावे

मालिकांच्या चित्रीकरणात दिवे उभे करणाऱ्या, त्यांना वीज पुरवणाऱ्या आणि बारा तासांच्या पाळीत तो पुरवठा सुरक्षित ठेवणाऱ्या माणसांच्या कामाचे शिक्षण शासनाच्या खर्चाने मिळते का, असे कोल्हापूर, कागल, करवीर भागातील अनेक मुले मला विचारतात. मी याच वाटेने या कामात आलो, म्हणून उत्तर सविस्तर लिहीत आहे. ‘टीव्ही इलेक्ट्रिशियन’ नावाचा ट्रेड आयटीआयमध्ये नाही. मात्र वीजकामाचे मूळ शिक्षण जवळजवळ खर्चाशिवाय मिळते, त्यानंतर वर्षभर विद्यावेतनावर शिकण्याची कायदेशीर सोय आहे, आणि ही सोय दिवे भाड्याने देणाऱ्या कंपनीतही वापरता येते. हे दोन तुकडे जोडण्याचे काम उमेदवारालाच करावे लागते. ते कोणत्या क्रमाने करावे, हे पुढे दिले आहे.

१. नेमके कोणते काम हवे आहे ते आधी ठरवा

सेटवर ‘लाइटवाला’ या एकाच शब्दात अनेक कामे येतात. छायालेखक, म्हणजे डीओपी, प्रकाश कसा हवा ते ठरवतो. गॅफर तो प्रकाश कोणत्या दिव्यांतून आणि कोठून मिळवायचा ते ठरवून माणसे कामाला लावतो. लाइटमन दिवे उचलतात, स्टँडवर चढवतात, कटर आणि थर्माकोल लावतात. जनरेटर ऑपरेटर जेनीपाशी, म्हणजे जनरेटरपाशी बसतो. इलेक्ट्रिशियनकडे जेनीपासून किंवा मीटरपासून दिव्याच्या प्लगपर्यंतचा सगळा मार्ग असतो: वितरण पेटी, केबल, अर्थिंग, फेजवरचा भार. छोट्या युनिटमध्ये यातली दोनतीन कामे एकाच माणसाकडे येतात.

केवळ लाइटमन व्हायचे असेल तर प्रमाणपत्र कोणी विचारत नाही, ओळखीने प्रवेश मिळतो. पण प्रमाणपत्राशिवाय आलेला माणूस बहुतेक वेळा ओझी उचलण्यातच अडकतो आणि वितरण पेटीला हात लावण्याचा अधिकार त्याला मिळत नाही, असे मी पाहिले आहे. म्हणून आधी वीजकामाचे प्रमाणपत्र आणि नंतर सेट, हाच क्रम मी सुचवतो. उलट क्रमाने गेलेल्यांना कमाई सोडून पुन्हा वर्गात बसणे जड जाते.

कोल्हापूरला या कामाची परंपरा आहे. बाबूराव पेंटरांनी मूकपटांच्या काळात याच गावात कृत्रिम प्रकाशाचे प्रयोग केले, आणि आज मोरेवाडीच्या माळावर चित्रनगरी उभी आहे. तरीही वर्षभर सलग काम हवे असेल तर मुंबईकडे, म्हणजे गोरेगाव, मढ, मीरा रोड, नायगाव, घोडबंदर या पट्ट्यात जावे लागते, हे धरूनच पुढचा विचार करावा.

२. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडला प्रवेश घ्या

दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे आहेत. इलेक्ट्रिशियनसाठी विज्ञान आणि गणित विषयांसह दहावी उत्तीर्ण असावे लागते, तर वायरमनची पात्रता त्या मानाने शिथिल आहे. किमान वय १४ वर्षे असून कमाल वयाची अट नाही, त्यामुळे पंचविशी उलटलेल्यांनीही मागे हटू नये. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून केंद्रीय पद्धतीने होतो. दहावीच्या निकालानंतर अर्ज सुरू होतात आणि फेऱ्यांनुसार जागा मिळतात. कोल्हापूरची शासकीय संस्था कळंबा रस्त्यावर आहे आणि तालुक्यांतही शासकीय संस्था आहेत.

इलेक्ट्रिशियन ट्रेडला मागणी मोठी असल्याने शहरातील संस्थेची गुणवत्ता यादी वर जाते. विकल्प भरताना केवळ शहरातील संस्था भरून थांबू नका, तालुक्याच्या संस्था आणि वायरमन ट्रेडही क्रमाने भरा. सेटवर काम मागताना या दोन ट्रेडमध्ये फारसा भेद केला जात नाही. आणखी एक गोष्ट अशी की, पहिल्या फेरीत पहिल्या विकल्पाची जागा लागली तर ती स्वीकारावीच लागते, नाकारल्यास पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडण्याची वेळ येते. म्हणून पहिला विकल्प मनापासून हवा तोच लिहा.

अर्ज करण्यापूर्वी डोळ्यांची, विशेषतः रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या. फेज, न्यूट्रल आणि अर्थ रंगांवरून ओळखायचे असतात. लाल आणि हिरवा यांत गल्लत होणाऱ्याने हा मार्ग धरू नये, हे कठोर वाटले तरी खरे आहे.

मुलींविषयी वेगळे सांगतो. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा आहेत आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये मुली येतातही. सेटवर मात्र त्या अजून विरळाच दिसतात. एलईडी दिव्यांनी उपकरणांचे वजन बरेच कमी केले आहे आणि दिवे मोबाइलवरून किंवा डीएमएक्स बोर्डावरून (दिवे दुरून चालवण्याच्या नियंत्रण-फलकावरून) चालवण्याचे काम वाढले आहे, त्यामुळे केवळ ताकदीचे कारण सांगून कोणी नकार दिला तर तो ग्राह्य धरू नका.

३. कागदपत्रे एकदाच आणि नीट तयार करा

पुढील प्रत्येक टप्प्यावर जवळजवळ हीच कागदपत्रे लागतात, म्हणून मूळ प्रती, साक्षांकित प्रती आणि मोबाइलमधील स्पष्ट प्रती असे तीन संच ठेवा.

– दहावीचे गुणपत्रक आणि प्रमाणपत्र, असल्यास बारावीचेही
– शाळा सोडल्याचा दाखला
– वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र
– तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
– लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र
– आधार कार्ड आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल क्रमांक
– स्वतःच्या नावाचे बँक खाते
– पासपोर्ट आकाराची छायाचित्रे

सर्वाधिक मुले बँक खात्यापाशी अडकतात. ‘माझे खाते आधारशी जोडलेले आहे’ असे बहुतेकांना वाटते, पण बँकेने केवायसीसाठी आधारची नोंद केलेली असणे आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी ते खाते आधारशी संलग्न असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. शासनाचे पैसे दुसऱ्या प्रकारच्या जोडणीवरूनच येतात, आणि एका वेळी एकच खाते तसे जोडलेले असते. ते कुठले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. आईवडिलांनी लहानपणी उघडलेले आणि आता बंद पडलेले खाते जोडलेले असेल तर विद्यावेतन परत जाते, आणि पुढे कारण शोधत महिने जातात. आधार, गुणपत्रक आणि बँक यांवरील नावाचे स्पेलिंगही एकच असावे.

आयटीआयचे शुल्क आणि शिष्यवृत्ती यांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर दर वर्षी अर्ज करावा लागतो. पहिल्या वर्षी केला म्हणजे दुसऱ्या वर्षी आपोआप होतो, असे नाही.

४. दोन वर्षे देता येत नसतील तर

घरची जबाबदारी असलेल्यांसाठी छोटे मार्गही आहेत. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, ग्रामीण तरुणांना राहण्याजेवणासह विनामूल्य प्रशिक्षण देते. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया असल्याने तिच्याकडे चौकशी करावी. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना १५ ते ३५ वयोगटातील ग्रामीण गरीब कुटुंबांतील तरुणांसाठी आहे. याशिवाय सारथी, बार्टी, महाज्योती आणि अमृत या राज्य शासनाच्या संस्था आपापल्या सामाजिक लक्ष्यगटासाठी कौशल्य प्रशिक्षण राबवतात, त्यांपैकी सारथीचे उपकेंद्र कोल्हापुरातच आहे.

हे अभ्यासक्रम घरगुती वायरिंगपर्यंत नेतात. थ्री-फेज वितरण आणि जनरेटर हे विषय त्यांत पुरेसे येत नाहीत, त्यामुळे यांना सुरुवात समजा.

५. शिकाऊ उमेदवारी सेटच्या जवळ कशी आणायची

आयटीआय पूर्ण झाल्यावर बहुतेक मुले शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत वर्षभराची शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) करतात. तेथे मोटर, पॅनेल आणि मेंटेनन्स उत्तम शिकायला मिळते, त्याला मी कमी लेखत नाही. पण टीव्हीच्या कामाकडे जायचे निश्चित असेल तर हेच वर्ष त्या क्षेत्रात घालवता येते.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ आणि त्याखालील नियमांनुसार ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि ४ ते २९ कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. ही दुसरी तरतूद आपल्या कामाची आहे. दिवे आणि जनरेटर भाड्याने देणाऱ्या कंपन्या, छोटे स्टुडिओ, कार्यक्रमांची प्रकाशव्यवस्था करणाऱ्या संस्था यांच्याकडे पाचदहा कायम माणसे असतात, पण आपण शिकाऊ उमेदवार नोंदवू शकतो हे त्यांच्या मालकांना बहुधा ठाऊक नसते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला कमाल १,५०० रुपये, थेट उमेदवाराच्या खात्यात जमा करते. हे मालकाला समजावून सांगितले की बोलणे बरेच सोपे होते.

क्रम असा ठेवा. प्रथम शिकाऊ उमेदवारीच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर स्वतःची नोंदणी करून नोंदणी क्रमांक घ्या. मग आयटीआयमधील मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात, ज्याला सगळे बीटीआरआय म्हणतात, जाऊन आस्थापना नोंदणीची माहिती कागदावर घ्या. तो कागद घेऊन लाइट सप्लायरकडे जा. पहिल्या भेटीत ‘काम द्या’ असे न म्हणता ‘माझी नोंदणी झाली आहे, आपल्या आस्थापनेची कशी करायची याची माहिती मी आणली आहे’ असे म्हणा. दारात येणारे बाकी सगळे ओळखीचा आधार घेऊन येतात, तुम्ही कागद घेऊन आलात हे लक्षात राहते. कोल्हापुरात जागा मिळाली नाही तर पुणे आणि मुंबईतील सप्लायरांकडे हाच प्रयत्न करा. मात्र विद्यावेतनात मुंबईतील खोलीभाडे निघत नाही, हे घरी आधीच बोलून ठेवा.

या टप्प्यावर तीन बाबतींत सावध राहा. करार संकेतस्थळावर नोंदवला गेल्याशिवाय कामाला सुरुवात करू नका, कारण करार नसेल तर ती केवळ स्वस्त मजुरी ठरते आणि परीक्षेला बसता येत नाही. दुसरे, शिकाऊ उमेदवाराकडून शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय जादा वेळ काम करून घेता येत नाही. मालिकांच्या लांबलेल्या पाळ्यांत हा नियम सहज विसरला जातो. तिसरे, प्रशिक्षणाच्या काळात कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर असते, म्हणून छोटा अपघातही लेखी कळवा.

वर्षाअखेरीची अखिल भारतीय परीक्षा चुकवू नका. तिचे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र आणि आयटीआयचे प्रमाणपत्र यांच्या बळावर पुढे राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडे तारतंत्री परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियन युनिटमध्ये असला तर बाहेरच्या ठिकाणी तात्पुरता पुरवठा घेताना निर्मात्याचे काम हलके होते, आणि तुमचा भावही वाढतो.

६. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना

२०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १८ ते ३५ वयोगटातील उमेदवारांना प्रत्यक्ष आस्थापनेत प्रशिक्षण आणि विद्यावेतन मिळते: बारावी उत्तीर्णांना महिन्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. नोंदणी महास्वयम संकेतस्थळावर होते आणि चौकशी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात करावी. अटी आणि कालावधी शासन निर्णयानुसार बदलतात, म्हणून त्या वेळचा आदेश वाचूनच अर्ज करा. ही योजना आणि शिकाऊ उमेदवारी एकाच वेळी घेण्याचा प्रयत्न करू नका, सगळी नोंद आधारवरून होत असल्याने दोन्हीकडचे पैसे अडकतात.

७. आयटीआयमध्ये कमी शिकवले जाते ते स्वतः शिका

येथे थोडे थांबून लिहितो, कारण पहिल्या महिन्यात उमेदवाराची पारख याच गोष्टींवरून होते.

पहिली गोष्ट भाराचा हिशेब. २३० व्होल्टवर एक किलोवॉटला साधारण साडेचार अँपिअर, हे तोंडपाठ हवे. ४ किलोवॉटचा एचएमआय दिवा (दिवसाच्या उजेडासारखा प्रकाश देणारा मोठा दिवा) या हिशेबाने साडेसतरा अँपिअर घेईल असे वाटते, पण जुन्या चुंबकीय बॅलास्टचा (दिवा पेटवणाऱ्या आणि त्याचा प्रवाह आवरणाऱ्या पेटीचा) पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, कमी असल्याने प्रत्यक्षात तो पंचवीसच्या पुढे जातो. क्लॅम्प मीटर लावून पाहिल्याशिवाय यावर कोणाचा विश्वास बसत नाही. ६२.५ केव्हीएचा जनरेटर थ्री-फेजवर प्रत्येक फेजला सुमारे ८७ अँपिअर देऊ शकतो, शहाणा इलेक्ट्रिशियन सत्तरच्या आसपास थांबतो आणि तिन्ही फेजवर भार समान वाटतो.

दुसरी गोष्ट न्यूट्रल. थ्री-फेज वितरणात न्यूट्रलची जोडणी सैल झाली किंवा तुटली तर वेगवेगळ्या फेजवरचे दिवे एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडल्यासारखे होतात आणि ज्या फेजवर भार कमी, तेथे व्होल्टेज २३० च्या खूप वर चढते. अशा वेळी मोठा दिवा शाबूत राहतो आणि मेकअपच्या खोलीतला टीव्ही, कॅमेऱ्याचा चार्जर, मॉनिटर जळतात. म्हणून न्यूट्रल फेजच्या आधी जोडायचा, फेजच्या नंतर सोडायचा, आणि भार चालू असताना त्याला हात लावायचा नाही.

तिसरी गोष्ट रंगांची, आणि माझ्या मते ही सर्वांत धोकादायक आहे. आपल्याकडील थ्री-फेज वायरिंगमध्ये लाल, पिवळा आणि निळा हे फेज असतात, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ. पण दिव्यांच्या आणि उपकरणांच्या लवचिक केबलमध्ये तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल असतो. म्हणजे एकाच वितरण पेटीपाशी निळी वायर एका बाजूला जिवंत फेज असते आणि दुसऱ्या बाजूला न्यूट्रल. घाईत निळ्याला निळा जोडला की दिव्यावर एका फेजऐवजी दोन फेज येतात. म्हणून केबलचे टोक उघडे दिसले की रंगावर विसंबू नका, मीटरने तपासा.

याखेरीज काही नियम अंगवळणी पडले पाहिजेत. गुंडाळलेली केबल पूर्ण उलगडूनच वापरा, कारण वेटोळ्यात उष्णता साठते आणि इन्सुलेशन वितळते. एचएमआय दिव्याची काच तडकलेली असेल तर तो पेटवू नका, ती काच अतिनील किरणे अडवते. गरम एचएमआय विझवल्यावर तो बहुधा लगेच पेटत नाही, थंड व्हावा लागतो, म्हणून गॅफरने सांगितल्याशिवाय विझवू नका. बॅलास्टचे जोडकेबल दिवा चालू असताना काढू नका, पेटताना त्यातून हजारो व्होल्टचा झोत जातो. प्रत्येक उंच स्टँडला वाळूची पोती लावा. आपल्याकडे पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या बाजूला पावसाळ्यात चित्रीकरण असले की जोडण्या जमिनीपासून उचलून झाका आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय ओल्या जागेत दिवा देऊ नका. आरसीसीबी वारंवार ट्रिप होतो म्हणून त्याला वळसा घालून थेट जोडणी देण्याची सूचना कधीतरी येईलच. ती मानू नका, गळती कुठल्या बॅलास्टमधून आहे ते एकेक काढून शोधा.

गणेशोत्सवात मंडपाच्या लाइटिंगचे काम केलेल्यांना उंचीची आणि रात्रीच्या जागरणाची सवय असते, हा त्यांचा मोठा गुण आहे. मात्र उघडे पीळ देऊन टेप गुंडाळण्याची आणि अर्थ सोडून देण्याची सवयही तेथेच लागते, ती सेटवर येण्यापूर्वी मोडावी लागते. खांबावर आकडा टाकून वीज घेणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खालील गुन्हा आहे. चित्रीकरणासाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेता येते, नाहीतर जेनी आहेच.

८. स्वतःची हत्यारे

पहिल्या दिवसापासून स्वतःची असावीत अशी हत्यारे थोडीच आहेत: इन्सुलेटेड पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हरांचा संच, वायर स्ट्रिपर, कॅट-३ या सुरक्षा दर्जाचा मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, डोक्याला लावायचा टॉर्च, तापलेल्या दिव्यांसाठी चामड्याचे हातमोजे आणि रबरी तळव्याचे बूट. ही सगळी उद्यमनगर परिसरात मिळतात. दहावीस रुपयांच्या निऑन टेस्टरवर जीव टांगू नका, तो पेटला नाही म्हणजे वायर मृत आहे असा त्याचा अर्थ होत नाही. चामड्याचे मोजे उष्णतेपासून वाचवतात, विजेपासून नाही. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याचा मीटर, महाग असतो, तो कंपनीचाच वापरा.

९. पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा

‘टीव्ही लाइटिंग डिप्लोमा, नोकरीची हमी’ अशा जाहिराती देणाऱ्या खाजगी वर्गांत पैसे भरण्यापूर्वी प्रमाणपत्र कोण देते, ते विचारा. राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेचे (एनसीव्हीईटी) किंवा मान्यताप्राप्त कौशल्य परिषदेचे नाव पुढे येत नसेल तर उठून या. ‘लाइटिंग आर्टिस्ट’ हा अभ्यासक्रम दिसला तर तो नीट वाचा, तो अॅनिमेशनमधील संगणकीय प्रकाशयोजनेचा असतो आणि त्याचा केबलशी संबंध नसतो. युनियनचे कार्ड काढून देतो असे सांगणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नका, मुंबईतील संबंधित युनियनच्या कार्यालयात स्वतः जाऊन शुल्क विचारा आणि पावती घ्या. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे कार्यालय कोल्हापुरातच आहे, तंत्रज्ञ म्हणून सभासद होण्याची चौकशी तेथे समक्ष करता येते.

१०. प्रशिक्षणानंतरचे पहिले काम

पहिल्या कामासाठी निर्मात्याकडे नव्हे, गॅफरकडे किंवा लाइट सप्लायरकडे जा, माणसे तेच निवडतात. बरोबर एका पानाचा परिचय, प्रमाणपत्रांच्या प्रती आणि शिकाऊ उमेदवारीत हाताळलेल्या दिव्यांची व जनरेटरांची यादी ठेवा. सुरुवातीला गोदामात केबल तपासण्याचे आणि प्लग बदलण्याचे काम दिले तर ते आनंदाने करा, उपकरणांची खरी ओळख तेथे होते.

मालिका उद्योगात कामाचे पैसे ९० दिवसांनी देण्याची पद्धत रूढ आहे. पहिल्या महिन्याचा पगार चौथ्या महिन्यात हाती येईल, असे धरून तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच मुंबईची गाडी पकडा. रोजचा दर, पाळीचे तास आणि जादा तासांचा दर हे काम सुरू होण्यापूर्वी संदेशाद्वारे लेखी मागून घ्या, आणि रोज सुटताना हजेरीच्या व्हाउचरचे छायाचित्र काढून ठेवा. युनियनकडे किंवा कामगार आयुक्तांकडे थकबाकीची तक्रार करायची वेळ आली तर तेथे सर्वांत आधी हेच कागद मागितले जातात.